पट्टे गायब का झाले?

थर्ड इयरच्या सेमिनारचे विषय वाटले त्या दिवशी मी उशिरा पोचलो. जो कोणी घेतला नव्हता तो माझ्या गळ्यात पडला: जैविक नमुन्यांच्या मायक्रोस्कोपीसाठी एक्स-रे फेज इमेजिंग. पहिले चार दिवस सगळं डोक्यावरून गेलं. मग एक नाव सापडलं, फ्रिट्स झेर्निके, आणि विषय चक्क आवडायला लागला.

जन्म 16 जुलै 1888, ॲमस्टरडॅम. आई-वडील दोघंही गणित शिकवणारे. पोराचा जीव मात्र प्रयोगांत. फोटोग्राफीसाठी ईथर विकत घ्यायला पॉकेटमनी पुरत नसे, म्हणून तो ते स्वतःच तयार करायचा. जुन्या ग्रामोफोनची यंत्रणा वापरून त्याने छोटी वेधशाळाही उभारली. हॉस्टेलवर भंगारातून कूलर बनवणाऱ्या आपल्या मंडळींना हा माणूस आपलाच वाटेल!

1920 मध्ये झेर्निके ग्रोनिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1930 च्या सुमारास ते ग्रेटिंग तपासत होते. दुर्बिणीतून त्यावर पट्टे दिसत, पण नेमका पृष्ठभागावर फोकस केला की पट्टे गायब. आपण फोकस हलवून पुढे गेलो असतो. ते तिथेच थांबले. ग्रेटिंगमधल्या चुका प्रकाश कमी करत नव्हत्या, फक्त लहरीची फेज बदलत होत्या, आणि फेज डोळ्याला दिसत नाही.

जिवंत पेशीचंही तेच. ती पारदर्शक. रंग द्यावा तर बहुतेक वेळा पेशी मरते. झेर्निके यांनी युक्ती काढली: पेशीमुळे न वळता सरळ आलेल्या प्रकाशाची फेज पाव तरंगलांबीने सरकवायची आणि तो थोडा मंद करायचा. मग तो वळलेल्या प्रकाशात मिसळला की फेजमधला फरक उजेड-अंधार होऊन दिसतो.

1932 मध्ये ही पद्धत घेऊन ते येनाला, झाइस कंपनीत गेले. तिथल्या तज्ज्ञांना त्यात दम वाटला नाही. उपयोगाचं काही असतं तर ते आपल्याच हातून आधी झालं असतं, असा त्यांचा सूर. झेर्निके परत आले आणि काम करत राहिले. 1941 मध्ये, महायुद्ध चालू असताना, असे मायक्रोस्कोप तिथेच बनू लागले. जिवंत पेशीचं विभाजन रंगाशिवाय बघता आलं. 1953 मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता माझा विषय. मऊ ऊती एक्स-रे फारसे शोषत नाहीत, म्हणून साध्या एक्स-रेत त्या फिक्या दिसतात. पण त्या एक्स-रेची फेज बऱ्यापैकी बदलतात. 1965 मध्ये बोन्झ आणि हार्ट यांनी सिलिकॉनच्या एकाच स्फटिकातून एक्स-रे इंटरफेरोमीटर बनवला. पुढच्याच वर्षी, 10 मार्च 1966 ला, झेर्निके गेले. नंतर त्यांचीच फेज सरकवायची युक्ती एक्स-रे मायक्रोस्कोपमध्येही आली.

सेमिनार पार पडला. खरं सांगायचं तर, त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपची प्रोजेक्टची आयडिया रिव्ह्यूमध्ये उडाली होती आणि आम्ही विषय बदलायला निघालो होतो. आता नाही बदलत. झेर्निके यांच्याकडे कामाचा पुरावा होता, आमच्याकडे नुसत्या स्लाइड्स होत्या. पुढच्या रिव्ह्यूला तीच आयडिया नेतोय, यावेळी रीडिंग्ज घेऊन.