एडवर्ड कर्टिस : मूळनिवासींचे फोटो काढायला ३० वर्षं फिरला, त्यात संसार मोडला आणि खिसाही रिकामा झाला

अमेरिकेतल्या सिएटल शहराला हे नाव कुणावरून पडलं? तिथल्या मूळनिवासींच्या एका सरदारावरून. पण याच सरदाराची मुलगी म्हातारपणी त्याच शहरात शिंपल्या विकून आणि लोकांचे कपडे धुऊन पोट भरत होती. गोरे लोक तिला प्रिन्सेस अँजेलिन म्हणायचे. तिचं खरं नाव किकिसोब्लू. १८९०च्या दशकात शहरातल्या एका स्टुडिओवाल्याने तिला एक डॉलर देऊन फोटोसाठी बसवलं. डोक्याला रुमाल, हातात काठी आणि सुरकुत्यांनी भरलेला चेहरा.

हा फोटो काढणारा होता एडवर्ड शेरिफ कर्टिस. पुढची तीस वर्षं त्याने असेच चेहरे शोधण्यात घालवली.

सहावीत शाळा सुटली

कर्टिसचा जन्म १८६८ चा, विस्कॉन्सिन राज्यातला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शाळा सहावीतच सुटली. पोरवयातच त्याने स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला. पुढे कुटुंब सिएटलजवळ आलं आणि १८९१ मध्ये दीडशे डॉलर घालून तो एका फोटो स्टुडिओत भागीदार झाला. शहरातले श्रीमंत लोक त्याच्याकडे फोटो काढायला येऊ लागले. धंदा जोरात होता.

मग १८९८ साली माउंट रेनिअर डोंगरावर त्याला वाट चुकलेली काही मंडळी भेटली. त्यांच्यात जॉर्ज बर्ड ग्रिनेल हे मूळनिवासींचे अभ्यासक होते. या ओळखीमुळे पुढच्याच वर्षी रेल्वेसम्राट एडवर्ड हॅरिमन यांच्या अलास्का मोहिमेवर कर्टिस अधिकृत फोटोग्राफर म्हणून गेला.

गाव रिकामं नव्हतं

या मोहिमेचं जहाज परतताना केप फॉक्स इथल्या ट्लिंगिट लोकांच्या गावाला थांबलं. गावात माणूस नव्हता, पण घरांसमोर टोटेम पोल उभे होते. टोटेम पोल म्हणजे सीडर झाडाच्या अख्ख्या बुंध्यावर कोरलेला खांब. त्यावरचे गरुड, अस्वल, कावळे ही त्या त्या कुळाची चिन्हं असतात. कुठला खांब घराण्याची हकिगत सांगतो, तर कुठला गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला असतो.

कर्टिसने फोटो काढले. मोहिमेतल्या लोकांनी मात्र गाव ओस पडलंय असं समजून खांब उपटले, जहाजावर चढवले आणि ते पुढे संग्रहालयांत गेले. गावकरी दुसरीकडे राहायला गेले होते, पण म्हणून खांबांवरचा हक्क त्यांनी सोडला नव्हता. ते खांब वंशजांना परत मिळायला २००१ साल उजाडलं.

मॉर्गनचे ७५ हजार डॉलर

मूळनिवासी आता संपणार, त्याआधी सगळं टिपून ठेवायचं, असं कर्टिसने मनाशी घेतलं. त्याने वीस खंडांची योजना आखली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या मुलांचे फोटो त्याने काढले होते. रूझवेल्ट यांनी पहिल्या खंडाला प्रस्तावना दिली. १९०६ मध्ये बँकर जे. पी. मॉर्गन यांनी पाच वर्षांसाठी ७५ हजार डॉलर मंजूर केले. पण ते प्रवास आणि कामासाठी होते. कर्टिसला पगार नव्हता.

त्याने ८० हून अधिक जमातींत जाऊन सुमारे ४० हजार फोटो काढले. चीफ जोसेफ आणि जेरोनिमो यांच्यासारखे वृद्ध नेते त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसले. मेणाच्या नळकांड्यांवर त्याने गाणी आणि भाषा ध्वनिमुद्रित केल्या.

घड्याळ कुठे गेलं?

कर्टिसवरचा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे. १९१० मध्ये पिगन जमातीच्या तंबूत त्याने दोघांचा फोटो काढला. मूळ निगेटिव्हमध्ये त्यांच्या मधोमध एक घड्याळ दिसतं. छापील फोटोत ते गायब आहे! मूळनिवासी आधुनिक वस्तू वापरतात, हे त्याच्या चित्रात बसत नव्हतं.

१९१४ मध्ये त्याने कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्वाक्यावाक्व लोकांना घेऊन एक मूकपट केला. जॉर्ज हंट या स्थानिक जाणकाराने त्याला मदत केली. जुना काळ दाखवायला कलाकारांना केसांचे टोप घातले. गंमत म्हणजे त्या वेळी कॅनडात पॉटलॅच या त्यांच्या दानाच्या समारंभावर १८८५ पासून बंदी होती आणि ती १९५१ पर्यंत राहिली. सरकार जे नाच बंद पाडायला बघत होतं, ते सिनेमासाठी म्हणून कॅमेऱ्यासमोर झाले.

सिनेमा आपटला. कर्टिसने १९२४ मध्ये तो अवघ्या १५०० डॉलरला एका संग्रहालयाला विकून टाकला.

शेवट

वर्षानुवर्षं घराबाहेर राहणाऱ्या कर्टिसपासून पत्नी क्लाराने १९१९ मध्ये घटस्फोट घेतला. स्टुडिओ तिच्याकडे गेला. पोटासाठी कर्टिस हॉलिवूडमध्ये कॅमेऱ्याची कामं करू लागला. १९२७ मध्ये अलास्काचा शेवटचा दौरा संपवून तो सिएटलला उतरला, तर थकलेल्या पोटगीसाठी त्याला अटक झाली.

विसावा खंड १९३० मध्ये निघाला, तेव्हा देशात महामंदी होती. ५०० संच विकायचे ठरले होते, त्याच्या निम्मेसुद्धा खपले नाहीत. १९३५ मध्ये मॉर्गन यांच्या कंपनीने उरलेला सगळा माल बोस्टनच्या एका पुस्तकविक्रेत्याला एक हजार डॉलरला दिला. १९५२ मध्ये कर्टिस लॉस एंजेलिसमध्ये वारला. १९७० च्या दशकात पुस्तकविक्रेत्याच्या तळघरातून हे फोटो बाहेर आले आणि जगाला तो पुन्हा आठवला.

मूळनिवासी संपणार हा त्याचा अंदाज साफ चुकला. तो मूकपट १९७० च्या दशकात पुन्हा जुळवला गेला, तेव्हा त्यातली गाणी आणि संवाद क्वाक्वाक्यावाक्व लोकांनीच आपल्या भाषेत ध्वनिमुद्रित केले. पडद्यावर नाचणारे त्यांचेच आजे-पणजे होते.