यमूला बोलती करणारे हरिभाऊ

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात मराठीच्या सरांनी एक प्रश्न टाकला. कादंबरीतील माणसे कधी जन्मलेली नसतात, तरी ती सख्ख्या माणसांसारखी आपल्याला का आठवतात? वर्गात कोणीच काही बोलले नाही. मी तर मान खाली घालूनच बसलो होतो. आमच्या घरात माझ्यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, आणि पाठ्यपुस्तकातील उतारे सोडले तर तोपर्यंत मी एकही कादंबरी वाचलेली नव्हती. तास संपल्यावर सरांनी मला बोलावून घेतले आणि हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी वाचायला सांगितली. ग्रंथपालांनी हाती दिलेला तो जाडजूड ग्रंथ पाहून छाती दडपली. वडिलांचे केशकर्तनालय आहे. रविवारी मी तेथे हाताखाली असतो. गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, कात्री बाजूला ठेवून, पाच-सहा रविवारांत मी ती संपवली. त्यानंतर ती लिहिणारा माणूस कोण होता हे जाणून घेण्याची ओढ लागली. हा लेख त्या ओढीतून झालेला आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आई ते अगदी लहान असतानाच वारली. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या मायेत ते वाढले. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईचे नामांकित वकील. त्यांच्या मोठ्या एकत्र कुटुंबात हरिभाऊंचे बालपण गेले आणि पुढे बिऱ्हाड पुण्यास आले. एकत्र कुटुंब म्हणजे आज्या, आत्या, काकू, सासुरवाशिणी, माहेरवाशिणी आणि एखादी तरी विधवा. माजघरातील बोलणी, चुलीपुढची रडणी, दिवाणखान्यातील पुरुषांचा धाक हे सारे त्या आईवेगळ्या मुलाच्या कानांवर रोज पडत असणार. पुढे त्यांच्या कादंबऱ्यांत माजघर इतके खरे उतरले, त्याची मुळे मला तरी याच घरात दिसतात. स्वतः हरिभाऊंचे लग्नही त्या काळच्या रीतीप्रमाणे पंधराव्या वर्षीच, १८७९ मध्ये झाले. बालविवाह हा विषय त्यांनी पुस्तकातून उचलला नव्हता.

पुण्यात ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले. चिपळूणकर, टिळक, आगरकर अशी माणसे त्या शाळेत होती. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी ‘शिष्यजनविलाप’ हे शोककाव्य रचले. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले, तर या विद्यार्थ्याने त्याचे चांगले प्रदीर्घ परीक्षण लिहून गुरूंच्या चुकाही दाखवल्या. तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. मी आज एकोणीस वर्षांचा आहे आणि सरांना शंका विचारतानाही माझा घसा कोरडा पडतो, म्हणून ही हकिकत वाचून मला फार नवल वाटले.

पुढे ते डेक्कन कॉलेजात गेले. इंग्रजी व संस्कृत वाङ्मयाचे वाचन अफाट, पण गणित काही केल्या जमेना. अखेर पदवी न घेताच त्यांनी कॉलेज सोडले. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा वडिलांचा चेहरा पडला. मुलगा बी. ए. व्हावा म्हणून ते दिवसभर उभे राहतात, आणि मुलगा गुणगान गातो ते नापास झालेल्या माणसाचे! मग मी त्यांना पुढचेही सांगितले. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाने याच माणसाला मराठी भाषेवर विल्सन व्याख्याने देण्यास पाचारण केले होते. वडिलांचे तेवढ्याने समाधान झाले.

चुलत्यांनी पुण्यात संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली होती. तिच्या व्यवस्थेचे काम हरिभाऊंनी अंगावर घेतले आणि आयुष्यभर सांभाळले. त्यामुळे लेखणीवर पोट भरण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागली. तिला रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराचा आधार होता, तरी माणसे पुण्याची होती. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालवले. नाव करमणुकीचे असले तरी हसतखेळत वाचकाच्या मनात सुधारणेचा विचार रुजवावा हा त्यामागचा हेतू होता.

‘करमणूक’मधूनच यमूची कथा क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये तिचे पुस्तक झाले. येथे मला सरांच्या प्रश्नाचे उत्तर थोडेथोडे उमगू लागले.

हरिभाऊंच्या आधीही मराठीत कादंबऱ्या होत्या. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांसारख्या कादंबऱ्यांत अद्भुत प्रसंग भरपूर, पण माणसे चित्रातल्यासारखी. विधवांच्या दुःखावरही बाबा पदमनजींनी १८५७ मध्येच ‘यमुनापर्यटन’ लिहिले होते. योगायोग असा की त्यातील नायिकाही यमुनाच. पण ती यमुना प्रवासात इतरांची दुःखे पाहते, आणि तिच्यामागे उभा असलेला लेखक आपल्याला सतत दिसत राहतो. हरिभाऊंनी स्वतः मागे सरून यमूलाच बोलू दिले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाने एका स्त्रीच्या तोंडून तिची सारी जन्मकथा वदवायची, हे त्या काळात केवढे धाडस! तेही पुस्तकी भाषेत नव्हे, तर माजघरात बायका बोलतात त्या भाषेत.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. यमू आपल्याला पहिल्यांदा भेटते ती विधवा म्हणून नव्हे, तर लहान मुलगी म्हणून. भावाबरोबर खेळणारी, बापाला भिणारी, आईला बिलगणारी. मग तिचे लग्न होते, नवरा रघुनाथराव तिला लिहायला-वाचायला शिकवतो, मुंबईच्या बिऱ्हाडात ती चार दिवस सुखाचे पाहते. हे सारे हरिभाऊ घाई न करता सांगतात. पुढे रघुनाथराव जातात आणि शंकरमामंजी जबरदस्तीने तिचे केशवपन करवतात, तोपर्यंत ती आपल्या घरची झालेली असते. दुःख आधी सांगून माणूस नंतर दाखवला असता, तर आपण हळहळून पान उलटले असते. शंकरमामंजीही राक्षस नाहीत. चारचौघांत धर्माच्या गोष्टी सांगणारे आणि घरात वेगळेच वागणारे असे गृहस्थ आपण सर्वांनीच पाहिलेले आहेत, म्हणून त्यांची भीती वाटते.

तिसरे कारण साप्ताहिकाचे. आम्ही पुस्तक पाच-सहा रविवारांत संपवतो. तेव्हाच्या वाचकांना यमू आठवड्याआठवड्याने भेटत होती, वर्षानुवर्षे. लेखकही तिच्या सहवासात तेवढाच काळ राहिला. याच अवधीत, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली, आणि पुण्यात त्यावरून केवढे रण माजले. एकीकडे सभांतून धर्म आणि सरकार यांवर वाद, आणि दुसरीकडे एक मुलगी दर आठवड्याला आपली साधी हकिकत सांगते आहे. कोणाचा आवाज मनात अधिक खोल गेला असेल?

हरिभाऊंना स्त्रीमन कळले ते केवळ कल्पनेने नव्हे. काशीबाई कानिटकर आणि त्यांचे पती गोविंदराव यांच्याशी त्यांचा दीर्घ स्नेह होता, पत्रव्यवहार होता. काशीबाई लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढे स्वतः लेखिका झाल्या. अशा स्त्रीचे बोलणे कान देऊन ऐकणे हाही लेखनाचाच अभ्यास म्हणावा लागेल.

पुढे ‘मी’ या कादंबरीत त्यांनी देशसेवेला वाहून घेणारा भावानंद रंगवला. अशा सेवकांची भारत सेवक समाज ही संस्था गोखल्यांनी १९०५ मध्ये काढली, म्हणजे कागदावरचा माणूस आधी आला आणि प्रत्यक्षातले मागून आले. ‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘वज्राघात’ या ऐतिहासिक कादंबऱ्यांनीही महाराष्ट्राला वेड लावले. १८९६-९७ च्या दुष्काळावर त्यांनी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दीर्घकथा लिहिली. पांढरपेशा घरे सोडून ते शेतकऱ्याच्या झोपडीपर्यंत गेले, आणि त्या कथेचे इंग्रजी भाषांतरही झाले. त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. पाल्हाळ पुष्कळ आहे, मध्येच ते उपदेश करू लागतात, आणि काही कादंबऱ्या तर त्यांनी अपुऱ्याच सोडल्या. पुण्याच्या नगरपालिकेचे कामही त्यांच्यामागे होते. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्न वर्षे पुरी होण्यास पाच दिवस असताना, ते निवर्तले.

चरित्र येथे संपते. पण मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती लिहावी की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला.

केशवपनाचा भाग मी आजोबांना वाचून दाखवला होता. ते आता थकले आहेत, त्यांची जुनी धोकटी अजून खुंटीला आहे. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले की, त्या न्हाव्याचे पुढे काय झाले ते पुस्तकात आहे का? मी पाने चाळली. नव्हते. मग त्यांनी त्यांच्या वडिलांची, म्हणजे माझ्या पणजोबांची गोष्ट सांगितली. गावातील एका वाड्यावरून त्यांना बोलावणे आले होते. समोर बसवलेली मुलगी सोळा-सतरा वर्षांची होती. बलुत्यावर जगणाऱ्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. पणजोबांनी काम केले, मिळालेले धान्यही घेतले. पणजीने ते दळले नाही, वेगळे ठेवले आणि शेवटी कोंबड्यांना घातले. पुढच्या वेळी बोलावणे आले तेव्हा पणजोबा तापाचे निमित्त सांगून सासुरवाडीला निघून गेले. त्या मुलीचे काम दुसऱ्या कोणी तरी केले. आजोबांनी ही गोष्ट वडिलांनाही कधी सांगितलेली नव्हती.

मी शोध घेतला तेव्हा कळले की १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले होते आणि विधवांचे केस कापायचे नाहीत असा निर्धार त्यांनी केला होता. म्हणजे पुण्यात यमू बोलू लागली जवळजवळ त्याच वेळी मुंबईत तो हात आखडला जात होता. आमच्या आडगावापर्यंत त्यातले काही पोहोचले नाही.

यमूच्या कथेत त्या हाताचे मन नाही. याबद्दल मी हरिभाऊंना दोष देत नाही. गोष्ट यमू सांगते आहे, आणि त्या क्षणी तिला समोरच्या माणसाच्या मनात डोकावायला कोठून सुचणार? ज्याला बोलते केले त्याच्याच डोळ्यांनी जग दिसते. बाकीचे गप्प राहतात. लेखक आपल्या घरातले ऐकतो आणि लिहितो. ते वाचून दुसऱ्या घरातील एक म्हातारा पन्नास-साठ वर्षे पोटात ठेवलेले बोलतो.

सरांच्या प्रश्नाला मी आता एवढेच उत्तर देऊ शकेन. यमू माझ्या लक्षात राहिली ती तिच्यामुळे मला माझ्या पणजोबांना विचारावेसे वाटले म्हणून. तिला मी ओळखू लागलो तेव्हाच तिच्यासमोर बसलेल्या माणसाचीही मला ओळख झाली. त्या वाड्यातल्या मुलीचे नाव आजोबांना आठवत नाही. मी पुन्हा विचारून पाहणार आहे.