कठोरचे भास्करबुवा

सुरतेजवळच्या कठोर गावी १८६९ साली भास्करबुवा बखले यांचा जन्म झाला. लहानपणी ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गात. पण आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. पुढे फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ, अल्लादियाखाँ यांच्याकडे त्यांनी कष्टाने विद्या मिळवली. धारवाडला गायन शिकवले. पुण्यात भारत गायन समाज स्थापला. रंगभूमीने त्यांना पुन्हा बोलावले, ते चालींसाठी. १९१६ चे ‘स्वयंवर’ गाजले. १९२० साली खाडिलकरांच्या ‘द्रौपदी’लाही त्यांनी तोलामोलाच्या चाली दिल्या. बालगंधर्व त्या गायले; पण नाट्यच ढिले पडले. १९२२ साली बुवा गेले. नाटकही बुडीत खाती जमा झाले. आपण ते खाते पुन्हा उघडावे. संवाद आटोपते घ्यावेत, पदे मात्र पुरती गावीत. बुवांची ठेव त्यांतच आहे.