समाजस्वास्थ्याचे उपासक : कै. र. धों. कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न किताब लाभला, ही गोष्ट राजधानीतील मराठी कुटुंबांत आजही अभिमानाने सांगितली जाते. त्यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव यांचे नाव मात्र आपल्या घरांत क्वचितच निघते; कारण त्यांनी पत्करलेला विषयच संकोचाचा.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. ते नऊ वर्षांचे असताना मातोश्री राधाबाई बाळंतपणात निवर्तल्या. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्रही त्याच वर्षी निघाले. प्रचार सोडावा की नोकरी, असा प्रश्न येताच १९२५ मध्ये त्यांनी विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडली. जुलै १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. पत्नी मालतीबाईंची साथ त्यांना लाभली. हे दांपत्य स्वेच्छेने निरपत्य राहिले.

रघुनाथरावांनी संततिनियमनावर जसा ग्रंथ लिहिला, तसाच गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही लिहिला. नको असलेले गर्भारपण आणि संसर्ग, ही दोन्ही संकटे त्यांनी सारखीच महत्त्वाची मानली. आजचे वैद्यकशास्त्रही हेच सांगते. गोळ्या किंवा तांबी यांनी गर्भधारणा टळते, पण रोग टळत नाही. निरोध एच. आय. व्ही. व इतर अनेक लैंगिक रोगांचा धोका पुष्कळ कमी करतो; परंतु वापरातील चुकीमुळे गर्भ राहण्याचा संभव त्यात अधिक. म्हणून वैद्यकीय सल्ल्याने दोहोंची जोड घालणे हितावह. दोन निरोध एकावर एक चढविणे मात्र चूक. घर्षणाने ते फाटू शकतात.

१९५२ साली दिल्लीच्या सरकारने कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव निवर्तले. ज्या कार्यापायी त्यांना दंड सोसावा लागला, ते शासनाचे धोरण झालेले त्यांनी पाहिले. मानसन्मान मात्र वाट्यास आला नाही.

आज आपली मुले-मुली शिक्षण व नोकरीनिमित्त नोएडा, गुरुग्राम येथे एकटी राहतात. घरात मौन असले की हे ज्ञान त्यांना ऐकीव व अर्धवट मिळते आणि त्याची किंमत बहुधा मुलीला मोजावी लागते. आईवडिलांनी हे मौन सोडावे, हेच रघुनाथरावांचे खरे स्मरण ठरेल.