गंधकाचे मोजमाप आणि हार्वे वायली

द्राक्षाचा रस पिंपात आंबू लागला की तो टिकवायचा कसा, या प्रश्नाचे जुने उत्तर म्हणजे गंधक. युरोपातील वाइन करणारे पिढ्यान् पिढ्या रिकाम्या पिंपात गंधकाची वात जाळत आले. त्या धुरातील सल्फर डायऑक्साइड वायू जंतूंना मारतो आणि वाइनचा रंग व स्वाद राखतो. पण हा वायू प्रमाणाबाहेर गेला तर तोच पिणाऱ्याला त्रास देतो. उपयोगाची मर्यादा कोठे संपते आणि अपाय कोठे सुरू होतो, हे अंदाजाने नव्हे तर मोजून ठरवावे, असा आग्रह धरणाऱ्यांत अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हार्वे वॉशिंग्टन वायली यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

वायली यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ रोजी इंडियाना राज्यातील केंट या खेड्याजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील शेती करीत, धर्मोपदेश करीत आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. अमेरिकी यादवी युद्धात १८६४ मध्ये वायली यांनी काही काळ सैन्यात सेवा केली. १८६७ मध्ये त्यांनी हॅनोव्हर कॉलेजची पदवी घेतली आणि १८७१ मध्ये वैद्यकाची. मात्र वैद्यकीचा व्यवसाय न करता ते रसायनशास्त्राकडे वळले. हार्वर्डमधील शिक्षणानंतर १८७४ मध्ये नव्याने सुरू झालेल्या पर्ड्यू विद्यापीठात ते रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

१८७८ मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये त्यांनी हॉफमन यांच्यासारख्या नामवंताची व्याख्याने ऐकली आणि तेथील सरकारी अन्न प्रयोगशाळेत साखरेची शुद्धता तपासण्याचे तंत्र आत्मसात केले. या शिदोरीच्या बळावर परतल्यानंतर त्यांनी इंडियानात विकला जाणारा मध आणि पाक तपासला. त्यात ग्लुकोजची सर्रास भेसळ असल्याचे त्यांनी दाखवून दिले. आयुष्यभराचे काम त्यांना येथेच सापडले. उंच चाकाच्या सायकलवरून हिंडणारा आणि विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळणारा हा प्राध्यापक पर्ड्यूच्या विश्वस्तांना मात्र फारसा रुचला नाही. १८८३ मध्ये वायली वॉशिंग्टनला कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले.

त्या काळी अमेरिकेत अन्नावर देशव्यापी कायदा नव्हता. दुधात फॉर्माल्डिहाइड, मांसात टाकणखार, सुक्या फळांत व वाइनमध्ये गंधकाचे क्षार आणि भाज्यांना हिरवेपणा देण्यासाठी मोरचूद असा प्रकार चाले. प्रत्येक रसायनशाळेची तपासणीची रीत वेगळी असल्याने एकाच नमुन्याचे निकाल जुळत नसत, आणि न्यायालयात अशा निकालांना वजन येत नसे. म्हणून १८८४ मध्ये सरकारी कृषी रसायनज्ञांची संघटना स्थापन करण्यात वायली यांनी पुढाकार घेतला. तपासणीच्या सर्वमान्य पद्धती ठरवणे हे तिचे काम होते.

गंधकाच्या बाबतीत ही तपासणी दिसते तितकी सोपी नाही. वाइनमध्ये घातलेल्या सल्फर डायऑक्साइडचा काही भाग मोकळा राहतो, तर काही भाग साखरेशी व अॅसेटाल्डिहाइडशी बांधला जातो. वाइनचे रक्षण प्रामुख्याने मोकळा भाग करतो, आणि तोही वाइन पुरेशी आंबट असेल तरच चांगले करतो. मोजण्याची सोपी रीत म्हणजे वाइनमध्ये आम्ल व स्टार्च घालून आयोडीनचे द्रावण थेंबाथेंबाने सोडणे. गंधक संपले की पुढचा थेंब निळा रंग देतो. पण लाल वाइनमध्ये हा रंग नीट दिसत नाही. शिवाय तिच्यातील टॅनिनही आयोडीन खाते आणि आकडा फुगतो. म्हणून एकूण प्रमाण अचूक हवे असेल तर वाइन आम्लासह तापवून वायू बाहेर काढायचा आणि वेगळ्या द्रावणात पकडून मोजायचा, ही अधिक विश्वासाची रीत ठरली. घरी वाइन करणारे हौशी लोक आजही या दोन रीतींतूनच निवड करतात.

बाटलीत किती आहे हे कळले, तरी शरीराला किती सोसते हा प्रश्न उरतोच. त्यासाठी संसदेकडून ५,००० डॉलर मिळवून वायली यांनी १९०२ च्या अखेरीस एक विलक्षण प्रयोग सुरू केला. खात्याच्या तळघरात भोजनगृह थाटले गेले. बारा निरोगी तरुण स्वेच्छेने तेथे जेवू लागले. अन्न उत्तम आणि फुकट असे, मात्र त्यासोबत ठरलेल्या मात्रेत रसायन घ्यावे लागे. त्यांचे वजन, नाडी, मल, मूत्र या सर्वांची नोंद ठेवली जाई. वृत्तपत्रांनी या मंडळींचे नाव विषपथक ठेवले आणि ते देशभर गाजले. टाकणखारापासून सुरुवात करून पथकाने सॅलिसिलिक आम्ल, गंधकाचे क्षार, बेंझोइक आम्ल आणि फॉर्माल्डिहाइड पचवून पाहिले. गंधकाच्या प्रयोगात तरुणांना डोकेदुखी व पोटाचे विकार जाणवले. ही रसायने अन्नात नसावीत, असा निष्कर्ष वायली यांनी काढला. प्रयोगात माणसे थोडी होती, तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता आणि काही मात्रा रोजच्या आहारापेक्षा मोठ्या होत्या, ही टीका त्या वेळीही झाली आणि ती निराधार नव्हती.

जनमत मात्र जागे झाले होते. महिला संघटनांचा रेटा आणि १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने उठवलेला संताप यांची त्यात भर पडली. ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. पुढच्याच वर्षी वाइनसाठी लिटरमागे ३५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड आणि त्यातील मोकळा भाग ७० मिलिग्रॅमपर्यंत, अशी मर्यादा जाहीर झाली. सुक्या फळांनाही ३५० चाच आकडा लागू होताच कॅलिफोर्नियाचे बागाईतदार खवळले, आणि १९०८ मध्ये सरकारने त्यांच्यापुरती माघार घेतली.

त्याच वर्षी व्हाइट हाउसमधील एका बैठकीत वायली यांनी सॅकरिनला घातक म्हटले. रूझवेल्ट स्वतः डॉक्टरांच्या सल्ल्याने ते रोज घेत असत. ते चिडले आणि परिरक्षकांचा निवाडा आयरा रेम्सन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ मंडळाकडे गेला. सॅकरिनच्या शोधात खुद्द रेम्सन यांचाच वाटा होता. या मंडळाने थोड्या प्रमाणातील बेंझोएट निरुपद्रवी ठरवले. वायली यांचे अधिकार आक्रसत गेले. १९११ मध्ये एका तज्ज्ञाच्या मानधनावरून त्यांच्यावर ठपका ठेवण्याचा प्रयत्न झाला. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना निर्दोष ठरवले, तरी मन उडाले होते. मार्च १९१२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

पुढे अनेक वर्षे ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाच्या प्रयोगशाळेतून त्यांनी ग्राहकांसाठी वस्तू तपासल्या. ३० जून १९३० रोजी, कायद्यावर सही झाल्याच्या चोविसाव्या वाढदिवशी, त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत ते विसावले आहेत.

गंधकाला अन्नातून पूर्णपणे हद्दपार करण्याची वायली यांची इच्छा पुरी झाली नाही. मात्र अमेरिकेत वाइनसाठी एकूण ३५० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा आजही आहे, आणि १० भाग किंवा त्याहून अधिक सल्फाइट असल्यास बाटलीवर तसे छापावे लागते. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा गंभीर त्रास होतो, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध केले. १९८६ मध्ये तेथे कच्ची खाण्यासाठी ठेवलेल्या ताज्या फळभाज्यांवर सल्फाइट वापरण्यास बंदीही आली. वायली यांचे काही निष्कर्ष काळाने मोडीत काढले. पण खाणाऱ्याला आपल्या ताटात आणि प्याल्यात काय आहे हे कळलेच पाहिजे, आणि त्यासाठी कोणीतरी ते प्रामाणिकपणे मोजले पाहिजे, हा त्यांचा आग्रह मात्र मोडीत निघालेला नाही.