डफाकडून चिपळ्यांकडे : अनंत फंदी

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरील संगमनेर हे पूर्वापार वाटसरूंचे गाव. पूर्वेस हरेगावी दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. तिकडे निघालेले ख्रिस्ती भाविकही येथून जातात. आम्हां कीर्तनकारांस मात्र हे गाव वंद्य आहे ते अनंत फंदींमुळे.

घोलप घराण्यातील या यजुर्वेदी ब्राह्मणाचा जन्म १७४४ चा. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्यांचा स्नेह जडला आणि लोक अनंतासही फंदी म्हणू लागले, असे सांगतात. वेदपठणाच्या कुळात जन्मून त्यांनी हाती डफ घेतला, तमाशाचा फड उभारला, लावण्या रचल्या. शिष्टांनी नाके मुरडली असतील. श्रोते मात्र लुब्ध होते. पुढे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली आणि फंदींनी डफ टाकून चिपळ्या धरल्या, ही कथा परंपरेने चालत आली आहे.

पश्चात्तापाची म्हणून ती सांगतात. आम्हांस ती अर्धीच वाटते. कंठ तोच, शब्दांची फेक तीच, सभा बांधून ठेवण्याची हातोटीही फडावरचीच! तिच्याविना त्यांचे उपदेशपर फटके घरोघर मुखोद्गत झाले नसते. खर्ड्याच्या लढाईचा पोवाडा त्यांनी रचिला. १७९५ मध्ये सवाई माधवराव अकाली गेले, त्यावर ‘श्रीमाधवनिधन’ हे ओवीबद्ध काव्य लिहिले. पेशवाई बुडाल्यावर वर्षभराने, १८१९ मध्ये, ते निवर्तले.

आजही उत्तररंगात आम्ही त्यांचा फटका आळवू लागलो की मागे पेंगुळलेले श्रोते सावरून बसतात.