घराला ऊब देणारा माणूस

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा हिवाळा मोठा कडक असतो. अठराव्या शतकात तेथील लोक थंडीपासून बचाव करण्यासाठी घराच्या भिंतीत एक मोठा कोनाडा ठेवीत, त्यात लाकडे पेटवीत आणि धूर बाहेर जावा म्हणून त्यावर छपरापर्यंत धुराडे उभारीत. जाळ मोठा दिसे; परंतु त्याची बहुतेक ऊब धुराबरोबरच आकाशात निघून जाई. धुराड्याने ओढून घेतलेल्या हवेची जागा भरून काढण्यासाठी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरचा बोचरा वारा आत शिरे. शेकावयास बसलेल्या माणसाचे तोंड भाजे आणि पाठ मात्र गारठलेलीच राही. एवढे करून लाकूड भरमसाट जळे. पूर्वी जे दाराशी मिळत असे, ते सरपण आता काही गावांना शंभर-शंभर मैलांवरून आणावे लागू लागले होते.

हा त्रास हजारो लोक निमूटपणे सोसत होते. परंतु त्याच शहरातील एका छापखानेवाल्याला तो केवळ त्रास वाटला नाही. ते त्याला एक कोडे वाटले. हा छापखानेवाला म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे झाला. वडील मेणबत्त्या व साबण करण्याचा धंदा करीत. सतरा भावंडांच्या त्या कुटुंबात बेंजामिन हा पंधरावा. शाळेचा लाभ त्याला जेमतेम दोन वर्षे झाला. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून कामाला लागला. पुढे भावाशी पटेना, तेव्हा वयाच्या सतराव्या वर्षी, १७२३ मध्ये, तो घर सोडून फिलाडेल्फियास आला. अपार कष्ट, काटकसर आणि वाचनाचा नाद यांच्या बळावर त्याने तेथे स्वतःचा छापखाना उभारला. १७३० मध्ये डेबोरा रीड हिच्याशी त्याचा संसार सुरू झाला. डेबोराबाई दुकान सांभाळीत, हिशेब पाहत, छापखान्याच्या कामाला हातभार लावीत. फ्रँकलिन यांच्या भरभराटीत त्यांचा वाटा मोठा होता.

१७४२ च्या सुमारास फ्रँकलिन यांनी त्या भिंतीतल्या आगीचा प्रश्न हाती घेतला. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी थंड हवा येते, हा निसर्गाचा साधा नियम होय. मग बाहेरून येणारी हवा फटींतून मनास येईल तशी का येऊ द्यावी? तिला आपण नेमून दिलेल्या वाटेने आणले आणि वाटेतच तापविले तर? या विचारातून त्यांनी बिडाच्या पत्र्यांची एक शेगडी सिद्ध केली. जाळाच्या मागे एक पोकळ लोखंडी पेटी बसविलेली असे. बाहेरची स्वच्छ हवा जमिनीखालच्या पोकळ वाटेने त्या पेटीत शिरे. आतील आडव्या पट्ट्यांमुळे तिला नागमोडी फिरावे लागे, त्या फेऱ्यांत ती तापे आणि मग बाजूंच्या छिद्रांतून खोलीत पसरे. धूर मात्र वेगळ्या वाटेने, पेटीवरून मागे खाली उतरून, तळाखालून धुराड्याकडे जाई. हवेची वाट निराळी आणि धुराची निराळी! आज मोठमोठ्या इमारतींत भिंतींआडच्या नळांतून गरम वा गार हवा खेळवितात, त्यामागेही हवेला नेमकी वाट द्यावी, हेच तत्त्व आहे. पूर्वीच्या चौथाई लाकडात आपली खोली दुप्पट उबदार होते, असा अनुभव फ्रँकलिन यांनी नोंदवून ठेवला आहे.

नवे यंत्र नुसते करून भागत नाही. ते नीट बसविले गेले पाहिजे. हे जाणून त्यांनी १७४४ मध्ये एक पुस्तिका छापली. तीत शेगडीची रचना, आकृती, गवंड्याने विटांचे काम कसे करावे, आग कशी पेटवावी, हे सारे अनोळखी माणसालाही समजेल असे पायरीपायरीने लिहिले होते. ती वाचून प्रांताचे गव्हर्नर इतके प्रसन्न झाले, की या शेगड्या विकण्याचा एकाधिकार काही वर्षांपुरता फ्रँकलिन यांना देण्याची तयारी त्यांनी दाखविली. फ्रँकलिन यांनी तो नाकारला. इतरांनी लावलेल्या शोधांचा लाभ आपण रोज घेतो. तेव्हा आपल्या शोधाचा लाभ इतरांना मोकळ्या मनाने द्यावा, अशी त्यांची धारणा होती. पुढे लंडनच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने त्या रचनेत किरकोळ फेरफार करून स्वतःच्या नावे एकाधिकार मिळविला आणि त्यावर पैसाही कमावला. फ्रँकलिन यांनी त्याच्याशी वाद घातला नाही.

ती शेगडी निर्दोष होती असे मात्र नाही. धुराचा स्वभाव वर चढण्याचा. त्याला खाली उतरावयास लावणे सोपे नव्हते. आग मंदावली की धूर अडे आणि खोलीत येई. म्हणून पुढे लोकांनी तिची रचना सोपी केली. हवेची पेटी व धुराची उलटी वाट काढून टाकली, आणि उरलेल्या साध्या शेगडीला फ्रँकलिन यांचे नाव कायम राहिले.

उष्णतेप्रमाणेच गारव्याचाही त्यांनी अभ्यास केला. १७५८ मध्ये इंग्लंडातील केंब्रिज येथे जॉन हॅडली या प्राध्यापकांसह त्यांनी एक प्रयोग केला. उष्णतामापकाचा गोळा ईथर या लवकर उडून जाणाऱ्या द्रवाने पुन्हापुन्हा भिजवायचा आणि भात्याने त्यावर वारा घालायचा. पारा फॅरनहाइटच्या ६५ अंशांवरून उतरत उतरत ७ अंशांवर आला आणि गोळ्यावर बर्फाचे कवच चढले. उन्हाळ्यात आपल्याकडील माठाचे पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाचा हा चमत्कार! त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. उन्हाळ्यात आग पेटलेली नसतानाही धुराड्यातून हवा वाहत असते. रात्री ती वर जाते आणि दिवसा खाली उतरते. मग ओल्या कापडात गुंडाळलेले मांस किंवा दूध-लोणी त्या वाऱ्यात ठेवले तर ऐन उन्हाळ्यातही टिकेल, अशी युक्ती त्यांनी सुचविली. हिवाळ्यात ऊब देणारे धुराडे उन्हाळ्यात गारवाही देऊ शकेल, हे त्यांच्या चिकित्सक नजरेने हेरले होते.

एवढे ज्ञान ज्याच्यापाशी होते, त्याला स्वतःच्या मनाजोगते घर बांधण्याची हौस वाटली तर नवल नाही. तोवर फ्रँकलिन दांपत्य भाड्याच्या घरांतच राहत होते. १७६३ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुख्य बाजाररस्त्यामागील अंगणात त्यांच्या तीन मजली विटांच्या घराचे काम सुरू झाले. बांधकाम रॉबर्ट स्मिथ या नामांकित कारागिराकडे होते. पण स्वयंपाकघराची योजना फ्रँकलिन यांची स्वतःची होती. वाफ, वास आणि धूर बाहेर नेण्यासाठी त्यांनी तेथे निरनिराळ्या सोयी योजल्या होत्या. परंतु घर पुरे होण्यापूर्वीच, नोव्हेंबर १७६४ मध्ये, वसाहतीच्या कामासाठी त्यांना पुन्हा लंडनला जावे लागले. डेबोराबाईंना समुद्रप्रवासाची धास्ती होती. त्या मागेच राहिल्या.

१७६५ मध्ये डेबोराबाई नव्या घरात राहावयास गेल्या. लंडनहून पडदे, गालिचे, चिनी मातीची भांडी येत होती. पत्रांतून प्रत्येक खोलीची विचारपूस होत होती. एका पत्रात फ्रँकलिन यांनी मनातील रुखरुख कळविली. स्वयंपाकघर पुरे होताना आपण तेथे असावयास हवे होते. कारण ते खोली नसून एक यंत्रच आहे, आणि त्यातील धूर व वाफ घालविण्याच्या सोयी कशा चालवाव्या हे आपण पत्नीला पुरते समजावून दिलेले नाही, असे त्यांनी लिहिले. डेबोराबाईंनीही आपल्या साध्या भाषेत कळविले, की घरधनी घरी असणे आणि परदेशी असणे यांत फार अंतर आहे. चूक होईल या भीतीने कोणीच कशाला हात लावीत नाही आणि सारेच अपुरे राहते. अनोळखी गवंड्यांसाठी पायरीपायरीने पुस्तिका लिहिणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरातील यंत्र मात्र त्याच्या पत्नीला उमगावयाचे राहून गेले होते!

त्याच वर्षी, सप्टेंबर महिन्यात, इंग्लंडने लादलेल्या स्टँप कराला फ्रँकलिन यांची संमती आहे अशी हूल उठली आणि चिडलेला जमाव त्यांच्या घरावर चालून येणार अशी बातमी आली. लोकांनी डेबोराबाईंना दुसरीकडे जाण्याचा आग्रह केला. त्यांनी मुलीला सुरक्षित स्थळी धाडले, आप्तांना बोलावून घेतले, एका खोलीत बंदुका सज्ज ठेविल्या आणि घर सोडण्यास साफ नकार दिला. जमाव पांगला, घर वाचले. ज्या घराची आखणी फ्रँकलिन यांनी केली, त्याचे रक्षण डेबोराबाईंनी केले. परंतु त्या घरात दोघांनी एकत्र राहण्याचा योग पुन्हा आला नाही. १९ डिसेंबर १७७४ रोजी डेबोराबाईंचे निधन झाले. फ्रँकलिन परतले ते मे १७७५ मध्ये. तेव्हा घराचे दार उघडावयास मुलगी होती, गृहिणी नव्हती.

पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे काम आले, फ्रान्समधील वकिलात आली. १७८५ मध्ये, एकोणऐंशी वर्षांचे फ्रँकलिन फ्रान्सहून मायदेशी निघाले. दुखणाईत शरीराला विश्रांती द्यावी असा तो प्रवास. पण जहाजावर बसून त्यांनी धुराड्यांच्या दोषांवर एक विस्तृत निबंध लिहिला. धूर घरात का कोंडतो याची नऊ कारणे त्यांनी त्यात सांगितली. त्यांतील पहिलेच कारण नव्या घराचे आहे. नवे घर इतके घट्ट बांधलेले असते, की आत यावयास हवेला फटच नसते. आणि आत हवा येत नसेल तर धूर बाहेर जाणार कसा? यावर, छताजवळ लहानसे झरोके ठेवावे, म्हणजे गार हवा वरच्या उबदार हवेत मिसळून मगच माणसांपर्यंत येईल, असा उपाय त्यांनी दिला.

याच निबंधात त्यांनी स्वतःची एक फजितीही नोंदवून ठेवली आहे. एका मित्राच्या घरातील धुराडे काही केल्या चालेना. फ्रँकलिन यांनी आपले सारे ज्ञान पणास लावले आणि अखेर हार कबूल केली. तेव्हा शास्त्राचा कसलाही दावा नसलेला तो मित्र छपरावर चढला आणि त्याने धुराड्यात डोकावून पाहिले. आत काटक्या, चिखल व पिसे यांचे पाखरांचे घरटे होते! बांधून झाल्यावर ते घर काही वर्षे रिकामे पडले होते. ही हकीकत फ्रँकलिन यांना सहज लपविता आली असती. परंतु दुसऱ्याच्या उपयोगी पडेल म्हणून त्यांनी ती जगापुढे मांडली.

चूक दिसली की ती कबूल करावी आणि सुधारावी, हा गुण त्यांच्या उत्तरायुष्यात अधिकच उजळला. एके काळी त्यांच्या स्वतःच्या घरात गुलाम राबत होते. तेच फ्रँकलिन १७८७ मध्ये गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि फेब्रुवारी १७९० मध्ये त्यांच्या सहीचा अर्ज अमेरिकेच्या संसदेपुढे गेला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १७ एप्रिल १७९० रोजी, त्याच घरात त्यांनी देह ठेविला.

१८१२ मध्ये ते घर पाडण्यात आले. आज त्या जागी पोलादी खांबांची एक चौकट उभी आहे. १९७६ मध्ये उभारलेली ही चौकट घराची केवळ बाह्यरेषा दाखविते. तिला भिंती नाहीत, छप्पर नाही. खाली, उकरून काढलेला जुना पाया दिसतो. जन्मभर ज्यांनी हवेला वाट शोधून दिली, त्यांच्या घरातून आज वारा चारी बाजूंनी मोकळा वाहत असतो.